अभ्यास : दोन्ही अर्थांनी

बारावीचे निकाल लागले की आपल्या परप्रांतीय मराठी घरांतून जी खलबते सुरू होतात, त्यांत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे. पूर्वी वैद्यक, अभियांत्रिकी, बँक आणि सरकारी खाते या चार दिशा धुंडाळून झाल्या की चर्चा संपत असे. आता एखादी मुलगी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगते, की मला पत्रकारिता शिकावयाची आहे. आणि आजोबांचा चष्मा वर्तमानपत्रावरून वर उचलला जातो. आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो : बातमी लिहावयास शिकण्यासाठी कॉलेजात कशाला जावे लागते? वडील विचारतात, नोकरी लागेल का? आणि आईला काळजी असते ती रात्रीबेरात्री कोठे कोठे जावे लागेल याची.

हे तिन्ही प्रश्न आम्हांस रास्त वाटतात आणि त्यांतील एकही हसण्यावारी नेऊ नये. परंतु आमच्या मते या तिहींच्या आधी चौथा एक प्रश्न विचारावयास हवा. ही विद्या जेथे शिकवितात तेथे ती स्वतःच्या हाताने करावयास मिळते काय, आणि केलेले काम एखाद्या खऱ्या वाचकापर्यंत पोहोचते काय? आजच्या सदरात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण त्याचे उत्तर मिळाले, की बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणे पुष्कळ सोपे होते.

आजोबांच्या शंकेमागे इतिहास आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्याच परप्रांतीय मराठी समाजातली दोन नावे घ्यावयाची तर माधवराव सप्रे आणि बाबुराव विष्णु पराडकर यांची घ्यावी लागतील. सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावचा. १९०० च्या जानेवारीत पेंड्रासारख्या आडबाजूच्या ठिकाणाहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे नागपुरास त्यांनी ‘हिंदी केसरी’ चालविला आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. पराडकरांचा जन्म १८८३ साली काशीस झाला. कलकत्त्यास जाऊन ते ‘हिंदी बंगवासी’च्या कचेरीत रुजू झाले, आणि १९२० साली काशीत सुरू झालेल्या ‘आज’ या दैनिकाच्या द्वारे त्यांनी हिंदी पत्रकारितेस वळण लावले. या दोघांपैकी कोणीही पत्रकारितेचा वर्ग पाहिलेला नव्हता. कारण तसे वर्गच तेव्हा नव्हते. कंपोझिटरच्या शेजारी उभे राहून, ओल्या मुद्रितांवर खुणा करीत आणि अंक निघाल्यावर वाचकांची पत्रे झेलीत ते शिकले.

आमच्या माळव्यातही हीच परंपरा चालत आली. १९४७ साली इंदुरात सुरू झालेल्या ‘नई दुनिया’ची कचेरी हीच कित्येकांची शाळा ठरली. राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी माणूस तिचा संपादक होता, आणि राजेंद्र माथुर व प्रभाष जोशी यांच्यासारखे पुढे दिल्लीत नावारूपास आलेले संपादक त्याच कचेरीत घडले. तेव्हा आजोबा म्हणतात ते खोटे नव्हे. मात्र कचेरीच्या त्या शाळेस एक मोठी उणीव होती. तेथे प्रवेश मिळणे नशिबावर अवलंबून असे. बारपुते यांच्यासारखा संपादक लाभला तर मनुष्य घडे. न लाभला तर तो वर्षानुवर्षे तारा आणि पत्रके उतरवून काढण्यातच झिजून जाई. शिवाय कायदा, अर्थशास्त्र, इतिहास यांची बैठक कचेरीच्या धबडग्यात कोण घालून देणार? विद्यापीठांनी या विषयात हात घातला तो ही उणीव भरून काढण्यासाठी.

यातील सर्वांत धीट प्रयोग एका अशा मनुष्याने केला, की ज्याने स्वतः कधी कॉलेजची पायरी चढली नव्हती. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात बूनव्हिल नावाचे गाव आहे. तेथे १८६४ साली जन्मलेला वॉल्टर विल्यम्स पोरवयात छापखान्यात उमेदवारीस लागला, पुढे संपादक झाला, आणि पत्रकारांसाठी विद्यापीठात शिक्षणाची सोय असावी म्हणून त्याने अनेक वर्षे खटपट केली. १९०८ साली कोलंबिया गावातील मिसुरी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाखा निघाली आणि पदवी नसलेला विल्यम्स तिचा पहिला प्रमुख झाला. (न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ निराळे. तेथील वृत्तपत्रविद्यालय जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ साली उघडले.) छापखान्यातून वर आलेल्या या मनुष्याने शाखा काढताना छापखाना मात्र सोडला नाही. १४ सप्टेंबर १९०८ रोजी वर्ग सुरू झाले, आणि त्याच दिवशी ‘युनिव्हर्सिटी मिसुरियन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा पहिला अंक बाहेर पडला. आधी दोन वर्षे शिकवावे आणि मग लिहू द्यावे, हा विचारच त्याने बाजूस ठेवला.

या दैनिकाची मेख अशी, की ते विद्यापीठाच्या कुंपणात कोंडलेले नव्हते. सबंध गाव हे त्याचे क्षेत्र होते : नगरसभेची बैठक, न्यायालय, शाळा, बाजार, अपघात आणि मृत्युवार्ता. त्याच गावात ‘कोलंबिया डेली ट्रिब्यून’ हे खाजगी दैनिक १९०१ पासून चालत आलेले होते. त्यामुळे विद्यार्थ्याने एखाद्या बातमीकडे दुर्लक्ष केले, की ती दुसऱ्या पत्रात झळकलेली पाहण्याची पाळी त्याच्यावर येई. प्राध्यापकाने गुण कमी देण्यापेक्षा ही शिक्षा कितीतरी अधिक बोचरी! पुढे हेच पत्र ‘कोलंबिया मिसुरियन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अनुभवी संपादक ते विद्यार्थ्यांकडून काढून घेतात आणि तेच त्यांचे शिक्षकही असतात. १९५३ च्या डिसेंबरात विद्यापीठाने केओएमयू हे स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्रही सुरू केले. ते जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे रीतसर व्यापारी केंद्र असून त्याच्या वार्ताकक्षात विद्यार्थी काम करतात. करीत करीत शिकण्याच्या या रीतीस तिकडे ‘मिसुरी पद्धत’ असेच नाव पडले आहे.

आपल्या घरांतून ही पद्धत समजावून सांगण्यास वैद्यकीय महाविद्यालयाचा दाखला उपयोगी पडतो. वैद्यकीय महाविद्यालयास रुग्णालय जोडलेले नसेल, तर त्याचे डॉक्टर आपण दारात उभे करणार नाही. शरीरशास्त्राचा ग्रंथ पाठ असणे निराळे आणि रोग्याची नाडी धरणे निराळे. पत्रकारितेचेही तसेच आहे. बातमीच्या पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे ही उत्तरे यावीत, हे एका तासात सांगून होते. परंतु नगरपालिकेच्या सभेत पाच जण एकदम बोलत असताना, नेमका कोणता ठराव मंजूर झाला हे टिपणे एका तासात येत नाही. कागदावर गुण मिळविणाऱ्या बातमीत ‘सुमारे दोनशे लोक उपस्थित होते’ असे खुशाल लिहिता येते. छापून येणाऱ्या बातमीत त्या दोनशेंपैकी कोणीतरी दुसऱ्या दिवशी विचारतो, की अहो, तुम्ही मोजले होते काय?

तथापि रुग्णालयाचा दाखला दिला, की रोग्याचाही विचार करणे भाग पडते. शिकाऊ हातांखाली येणाऱ्या माणसाचे काय? याचे उत्तर देण्यास शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एक हकीकत सांगितली पाहिजे. ती केवळ अर्धीच सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्ही ती पुरती सांगणार आहोत.

१९८२ साली शिकागोतील एका उद्यानात दोन जणांचा खून झाला आणि त्या प्रकरणी अँथनी पोर्टर नावाच्या इसमास देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली. १९९८ च्या सप्टेंबरात शिक्षेची अंमलबजावणी अवघ्या दोन दिवसांवर आली असता, त्याच्या बौद्धिक क्षमतेविषयी शंका उपस्थित झाल्यामुळे न्यायालयाने ती थांबविली. या अवधीत नॉर्थवेस्टर्नचे पत्रकारितेचे एक प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ते जुने प्रकरण पुन्हा उकरले. विद्यार्थी त्या उद्यानात गेले. साक्षीदार जेथे असल्याचे सांगत होता तेथे उभे राहिले, आणि तेथून त्याला खरोखर काय दिसू शकले असते हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासले. पुढे साक्षीदाराने आपली साक्ष फिरविली. त्यांच्यासमवेत काम करणाऱ्या एका खाजगी गुप्तहेराने दुसऱ्या एका इसमाकडून गुन्ह्याची कबुली चित्रफितीवर घेतली. १९९९ च्या फेब्रुवारीत पोर्टर तुरुंगाबाहेर आला. देशभर खळबळ उडाली. २००० साली इलिनॉयच्या गव्हर्नरांनी राज्यातील देहान्ताच्या शिक्षा स्थगित केल्या आणि २०११ साली त्या राज्याने ही शिक्षाच रद्द केली. वर्गातील गृहपाठातून एवढे घडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हकीकत येथे संपत नाही. ज्या दुसऱ्या इसमाने कबुली दिली, त्याने गुन्हा मान्य केल्याने त्यास सदतीस वर्षांची शिक्षा झाली. नंतर तो सांगू लागला, की ती कबुली आपल्याकडून दडपणाने आणि फसवून घेण्यात आली. अखेर सरकारी वकिलांच्या कार्यालयाने सर्व प्रकरण नव्याने तपासले, कबुली मिळविण्याच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात त्याची शिक्षा रद्द होऊन तो सुटला. तोवर त्याची सुमारे पंधरा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या खुनांबद्दल आज कोणीही शिक्षा भोगीत नाही.

या हकीकतीचा बोध आम्हांस दुहेरी दिसतो. उद्यानात जाऊन उभे राहणे, सरकारी कागदावर विसंबून न राहता जागा आणि नजर पडताळणे, हे हाताने शिकण्याचे उत्तम उदाहरण होय. पण आपल्या तर्काशी जुळणारा पुरावा हाती आला, की त्याची तपासणी दुप्पट कडक करावी लागते, हा धडाही त्याच उदाहरणात आहे. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याची चूक झाली तर विद्यार्थ्याचे गुण जातात. ज्याच्याविषयी लिहिले त्याची अब्रू जाते, आणि क्वचित आयुष्याची वर्षेही जातात. म्हणून शिकाऊ हातावर जाणत्याचा हात असलाच पाहिजे. जे विद्यालय विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा देऊन त्यास रस्त्यावर सोडून देते, ते त्याला काही शिकवीत नाही. ते केवळ लोकांना धोक्यात घालते.

आता आपल्या देशाकडे वळू. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ साली पत्रकारितेचा वर्ग निघाला. फाळणीनंतर तो इकडे आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९५४ साली आणि पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली हे शिक्षण सुरू झाले. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची, जामिया मिल्लियाचे जनसंचार केंद्र १९८२ चे, आणि भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ १९९० च्या कायद्याने स्थापन झालेले. त्यानंतर तर जिल्ह्याजिल्ह्यातून असे अभ्यासक्रम निघाले. बहुतेकांच्या माहितीपत्रकात स्टुडिओ, कॅमेरे, संगणक यांची छायाचित्रे असतात आणि प्रायोगिक वृत्तपत्राचा उल्लेखही असतो. पुष्कळ ठिकाणी हे प्रायोगिक वृत्तपत्र वर्षातून दोनदा निघते, त्यात स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त असतो, आणि त्याच्या प्रती विभागाच्या कपाटात गठ्ठ्याने पडून राहतात. जो अंक कोणीच वाचीत नाही, त्यातील चूक कोण दाखविणार? आणि चूक दाखविणारा नसेल तर अंक काढून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडणार?

याच्या उलट उदाहरणेही आपल्या देशात आहेत. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचे छोटे नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफ.एम.’ हे देशातील पहिले असे केंद्र बोलू लागले. या केंद्रांचा आवाज फार दूर जात नाही. शंभर वॉटच्या प्रक्षेपकाचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे थोटकेपणच वरदान आहे. कारण श्रोता डोळ्यांसमोर असतो. नियमाप्रमाणे निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावे लागतात, आणि स्वतः मिळविलेल्या बातम्या देण्यास या केंद्रांना परवानगी नाही. तेव्हा विद्यार्थ्यास आजूबाजूच्या वस्तीत जाऊन पाणी, लसीकरण, शिधापत्रिका, मुलांच्या परीक्षा असले विषय हुडकावे लागतात. वस्तीतील बाईस आकाशवाणी थाटाचे निवेदन समजत नाही आणि ती तसे स्पष्ट सांगते. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळावयाचा नाही.

दुसरे उदाहरण ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहाचे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली हा उपक्रम सुरू केला. त्याच्या शिक्षणविभागात विद्यार्थी आपल्याच परिसरातील माणसांविषयी लिहितात, संपादक तो मजकूर पुनःपुन्हा परत पाठवून दुरुस्त करून घेतात, आणि मगच तो प्रसिद्ध होतो. अनेक भारतीय भाषांतून, मराठीतूनही, तेथील लेखन वाचावयास मिळते. एखाद्या विणकराच्या दिवसाची मजुरी किती, सूत कोठून येते, दलाल किती घेतो, हे विचारल्यावाचून तेथे ‘कलेची उपेक्षा’ असा मोघम लेख चालत नाही. आमच्या मुलामुलींनी निदान वाचक म्हणून तरी तिकडे फेरी मारावी.

हाताने शिकण्याच्या गोष्टींत यंत्रे फार थोडी आहेत, हे पालकांनी नीट ध्यानी घ्यावे. चांगले चित्र घेणारा दूरध्वनी आज प्रत्येकाच्या खिशात असतो. खरी हातोटी निराळ्याच ठिकाणी लागते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा घ्या. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी दहा रुपये शुल्क, उत्तरास तीस दिवसांची मुदत, हे पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. पण प्रश्न असा लिहावयाचा, की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे म्हणून तो टोलविता येऊ नये, हे चार अर्ज परत आल्याखेरीज उमगत नाही. मोहल्ल्यातील एका रस्त्याच्या डांबरीकरणासाठी किती रक्कम मंजूर झाली, काम कोणास दिले आणि मोजमापाची नोंद कोठे आहे, एवढी तीन कलमे विद्यार्थ्याने स्वतः मिळविली, तर लोकप्रशासनाचे एक प्रकरण त्याने वाचले नाही तरी चालेल.

तीच गोष्ट न बोलण्याच्या शिक्षणाची. बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रीचे नाव अथवा तिची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी ही तरतूद दंडसंहितेच्या २२८-अ कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. अत्याचारास बळी पडलेल्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या बालकांनाही कायद्याने असेच संरक्षण दिले आहे. विद्यार्थी कलमाचा आकडा परीक्षेत बरोबर लिहितो. आणि प्रत्यक्ष बातमी लिहिताना नाव गाळून ‘अमुक गल्लीतील शिवणकाम करणाऱ्या विधवेची मुलगी’ असे लिहून मोकळा होतो! लहान गावात एवढ्या वर्णनाने नावाहून अधिक ओळख पटते. मजकूर छापण्यास जाण्यापूर्वी ज्येष्ठ संपादकाने ती ओळ लाल पेन्सिलीने खोडून, का खोडली ते समोर बसवून सांगितले, तरच ते कलम त्या विद्यार्थ्याच्या हाडीमाशी खिळते.

आता आपल्या घरांशी विशेष संबंध असलेला एक मुद्दा. परप्रांतातील मराठी मुलास दोन भाषा जन्मतःच मिळतात : घरात मराठी, अंगणात हिंदी, गुजराती, कानडी, कोकणी किंवा तेलुगू. शाळेत इंग्रजी तिसरी. वृत्तपत्राच्या कचेरीत ही केवढी पुंजी आहे! सप्रे आणि पराडकर यांनी तिचाच व्यवहार केला. पराडकरांनी तर आपले मामा सखाराम गणेश देउस्कर यांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ हिंदीत आणला. पण ही पुंजी सांभाळून वापरावी लागते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीतील शिक्षा म्हणजे दंड. हिंदी न्यायालयातील ‘राजीनामा’ म्हणजे उभयपक्षांची तडजोड. आपण तो मंत्र्याकडून मागतो. हिंदीत संविधानाचे ‘संशोधन’ झाले म्हणजे घटनादुरुस्ती झाली. तिचा प्रयोगशाळेशी संबंध नाही. हिंदीतील ‘चेष्टा’ हा प्रयत्न असतो, मराठीत ती थट्टा असते. घाईघाईने भाषांतर करणारा उमेदवार या चार शब्दांत चार वेळा तोंडघशी पडू शकतो. दोन भाषांतील शब्द जुळे दिसले तरी त्यांची घराणी निराळी असतात, हे रोज भाषांतर करूनच कळते. ज्या विद्यालयात अशा भाषांतराचा रोजचा सराव आहे, ते इंदूर, बडोदे किंवा हैदराबादच्या मराठी मुलास अधिक फळेल.

आता पालकांच्या हाती काही प्रश्न देतो. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन ते खुशाल विचारावेत. विचारण्यात संकोच कसला? विद्यार्थ्यांचा गेल्या महिन्याचा अंक अथवा कार्यक्रम दाखवा, असे म्हणावे. तो चटकन हाती आला तर शुभशकुन समजावा. कपाटाची किल्ली शोधावी लागली तर समजावयाचे ते समजावे. तो अंक विभागाबाहेर कोण वाचतो, आणि त्यात चूक निघाल्यास दुरुस्ती कोठे छापतात, हे विचारावे. मजकूर तपासणाऱ्या शिक्षकाने स्वतः कधी वार्ताकक्षात काम केले आहे काय, हेही विचारावे. शेवटच्या वर्षी उमेदवारीसाठी विद्यार्थ्यांना कोठे पाठवितात आणि तेथे त्यांच्याकडून काय करवून घेतात, याची चौकशी मागील तुकडीच्या विद्यार्थ्यांकडे करावी. तीन महिने इतरांची पत्रके उतरवून काढणारा उमेदवार फुकटचा कारकून होतो. त्याचे शिकणे होत नाही. उमेदवारीसाठी उलट विद्यार्थ्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तेथून नमस्कार करून परतावे.

आईच्या काळजीसही येथेच उत्तर आहे. बाहेरच्या कामास पाठविताना दोघादोघांना एकत्र पाठविणे, कोण कोठे गेले याची नोंद ठेवणे, रात्री उशीर झाल्यास घरी पोहोचविण्याची सोय करणे, आणि न जमणाऱ्या ठिकाणी ‘परत या’ असे सांगणारा शिक्षक दूरध्वनीवर उपलब्ध असणे, या गोष्टी ज्या विभागात ठरून गेल्या आहेत, तेथे मुलीस बेलाशक पाठवावे. ज्यांस हा प्रश्नच नवा वाटतो, त्यांच्याकडे मुलासही पाठवू नये. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही छातीठोकपणे देणार नाही. नोकऱ्या येतात आणि जातात, वृत्तपत्रांची पाने कमी-अधिक होतात. परंतु अचूक टिपणे, माणसांशी नीट बोलणे, आकडा पडताळणे आणि दोन भाषांत स्वच्छ लिहिणे ज्यास येते, त्यास केवळ वृत्तपत्रातच काम मिळते असे नाही.

आणि प्रवेशाची वाट तरी कशाला पाहावी? आपल्या प्रत्येक गावी महाराष्ट्र मंडळ किंवा मराठी समाज आहे. बहुतेकांचे एखादे वार्तापत्र निघते, आणि ते काढण्याचा भार सत्तरीच्या घरातील एक-दोन गृहस्थांवर पडलेला असतो. त्या कामात दोन तरुण हात घाला. वार्षिक सभेचा वृत्तान्त एखाद्या मुलीस लिहावयास द्या. अध्यक्षांच्या भाषणाची चार पाने तिने चार ओळींत आणावीत आणि सभासदांनी हिशेबावर विचारलेला प्रश्न उत्तरासह द्यावा. गणेशोत्सवात काय काय झाले हे सांगताना मंडपाचा खर्च किती आला, तेही विचारावे. अंक निघाल्यावर ज्या काकांचे आडनाव चुकले असेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहतील, आणि पुढील अंकी दुरुस्ती छापावी लागेल. अंकासाठी शंभरच घरे असतील; पण ती खरी घरे असतील.

मराठीत ‘अभ्यास’ म्हणजे पुस्तक उघडून बसणे. हिंदीत ‘अभ्यास’ म्हणजे हाताला वळण लावणारा सराव. पत्रकारिता शिकू म्हणणाऱ्या आपल्या मुलांनी तो दोन्ही अर्थांनी करावा, आणि जेथे एकाच अर्थाने करवून घेतात तेथील शुल्क भरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी दोनदा विचार करावा. आपापल्या मंडळाचे वार्तापत्र मुलांच्या हाती सोपविण्याचा प्रयोग ज्या गावी होईल, त्यांनी पहिला अंक आमच्याकडे अवश्य धाडावा. आम्ही तो वाचू, आणि चुका आढळल्यास त्याही कळवू.